‘चालू हाये ना?’ : मेल जोडून देणाऱ्या भाऊंना खुले पत्र

प्रति,
श्री. सेटिंगवाले भाऊ
(पूर्ण नाव संस्थेच्या कुठल्याही कागदावर नाही. पासवर्ड मात्र आहे.)
मु. घाटाखाली, जि. बुलढाणा

विषय : संस्थेचा ई-मेल चालू करून दिल्याबद्दल आभार.
संदर्भ : आपण मागे ठेवलेली सेटिंगची फाईल.

भाऊ,

सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, तुमच्या हातचा तो संगणक आता माझ्या गळ्यात पडला आहे. कार्यालयाच्या कोपऱ्यात, झेरॉक्स मशीनच्या मागे, अंगावर धूळ घेऊन तो इमानाने चालतो. त्यावर लिनक्स, आणि लिनक्सवर मट नावाचा तो काळ्या पडद्याचा मेल. संस्थेची सगळी जावक तिथूनच होते : बैठकीच्या नोटिसा, शिष्यवृत्तीच्या याद्या, गुणपत्रकं, पालकांना फीच्या पावत्या. तुमचा विषय निघाला की कार्यालयात सगळ्यांचे चेहरे उजळतात. “लय हुशार मानूस. अर्ध्या घंट्यात मेल चालू करून देला!” मी फाईल उघडून काही विचारायला लागलो की लगेच पुढचं वाक्य येतं, “चालू हाये ना? मंग काहून हात लावता?” हे वाक्य मूळचं तुमचंच, असं नंतर समजलं. तुम्ही गेलात, पण वाक्य इथेच नोकरीला लागलं आहे.

तेव्हा आधी तुमचं कौतुक करतो. ते खरं आहे, आणि पुढे फारसं वाट्याला येणार नाही.

मट निवडलात हे उत्तम केलंत. मायकेल एल्किन्स यांनी १९९५ मध्ये लिहायला घेतलेला हा प्रोग्राम आजही जिवंत आहे. त्याला चित्रं लागत नाहीत, माऊस लागत नाही, भारी संगणक लागत नाही. केबलवाल्याचं नेट रांगत असलं तरी पत्र उघडतं, आणि पत्रात लपवलेलं चित्र गुपचूप उघडून ‘या माणसाने मेल वाचला’ अशी चुगली परस्पर करत नाही. घरी बसून दूरच्या यंत्रावर काम करायचं तर याहून सुटसुटीत साधन नाही. काळ्या पडद्यावरचा मेल म्हणजे मागासलेपणा, असं ज्यांना वाटतं त्यांनी १९९५ आठवावं. त्या वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा मोडेमच्या किंकाळ्या ऐकून झाल्यावर मुंबई-पुण्याच्या कितीतरी घरांत जे उघडायचं ते हेच होतं : स्वस्तातलं शेल खातं, काळा पडदा आणि त्यावर पाईन नावाचा मेल. आपल्या घाटाखालून तो नंबर फिरवायचा म्हणजे एसटीडीचं बिल, त्यामुळे ते भाग्य आपल्याकडे उशिराच आलं, हा भाग वेगळा.

पण काळ्या पडद्याचा एक तोटा आहे, आणि त्याचा तुम्ही पुरेपूर फायदा घेतलात. त्यावर पांढरी अक्षरं पळताना दिसली की आपल्या माणसाला वाटतं, इथे सगळं एकदम कडेकोट असणार. कार्यालयातल्या म्याडम अजूनही अभिमानाने सांगतात, “आपला मेल साधा नाही, कोडिंगवाला आहे.” या ‘कोडिंग’चं दर्शन आता वाचकांनाही घडवतो.

तुमची ती सेटिंगची फाईल मी वरपासून खालपर्यंत वाचली. लहानशी आहे, पण एकही ओळ वाया घालवलेली नाही.

पहिल्या ओळीत सर्व्हरचा पत्ता आहे. त्या पत्त्याच्या पोटातच वापरकर्त्याचं नाव, मग अपूर्णविराम, मग पासवर्ड. उघडाबोडका. पासवर्ड म्हणजे संस्थेचं नाव आणि पुढे स्थापनेचं साल. ते दोन्ही प्रवेशद्वाराच्या कमानीवर सिमेंटच्या अक्षरांत लिहिलेलं आहेच, तेव्हा फाईलमध्ये लपवून तरी काय मिळणार होतं, असा सुज्ञ विचार तुम्ही केला असावा.

त्या फाईलची परवानगी ७७७. म्हणजे मालकाला, गटाला आणि गावाला, सगळ्यांना सारखे अधिकार : वाचा, लिहा, चालवा. सेटिंगची फाईल ‘चालवून’ कुणी काय करायचं होतं हे मला अजून समजलेलं नाही. मात्र ‘लिहा’चा अर्थ मला नीट समजतो, आणि तो तुम्हालाही समजावा म्हणून सांगतो. मटच्या सेटिंगमध्ये उलट्या अवतरणचिन्हांत एखादी आज्ञा लिहिली, तर मट सुरू होताना ती आज्ञा यंत्रावर चालवली जाते. याच यंत्रावर प्रात्यक्षिकासाठी विद्यार्थ्यांची खाती आहेत. त्यांतल्या कुणीही एक ओळ जोडायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्याडमनी मेल उघडायचा. पुढचं सगळं म्याडमच्या नावावर. समता आम्हालाही प्रिय आहे, भाऊ. पण ती पासवर्डच्या फाईलपर्यंत न्यायची गरज नव्हती.

दुसरी ओळ : पोर्ट २५, म्हणजे सर्व्हरचं पंचवीस क्रमांकाचं दार. या आकड्यावर तुमचा जीव का जडला याचा मी बराच विचार केला. या पोर्टावर जो संवाद चालतो, त्याचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिले. एक यंत्र म्हणतं, नमस्कार, मी अमुक. मग सांगतं, पत्र याच्याकडून. मग सांगतं, याच्यासाठी. मग ‘डेटा’ म्हणून मजकूर सुरू, आणि शेवटी एकट्या ओळीवर एक टिंब. झालं. पाठवणारा खरंच तोच आहे का, हे विचारायची सोय त्या नियमांत नव्हती, आणि सगळा संवाद साध्या वाचता येणाऱ्या अक्षरांत. जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि संशोधनसंस्था होत्या. सगळे एकमेकांना ओळखत होते. पुढे जग आत शिरलं, म्हणून १९९८ मध्ये ५८७ हा वेगळा पोर्ट ठरवला गेला : २५ वर सर्व्हरने सर्व्हरशी बोलावं, आणि तुमच्या-माझ्यासारख्यांनी आपलं पत्र ओळख पटवून ५८७ वर द्यावं. २०१८ मध्ये आणखी पुढे जाऊन शिफारस झाली की ४६५ वापरा, तिथे पहिल्या अक्षरापासूनच संवाद बंदिस्त असतो. तुम्ही हे काम केलंत ते त्याही नंतर. एवढ्या वर्षांच्या शहाणपणाला वळसा घालून थेट १९८२ मध्ये जाऊन पोचणं हे येरागबाळ्याचं काम नोहे.

तिसरी आणि चौथी ओळ मिळून वाचायची. टीएलएस म्हणजे दोन यंत्रांनी बंदिस्त बोलायची रीत, आणि स्टार्टटीएलएस म्हणजे उघड्या संवादातून त्या रीतीकडे वळायची आज्ञा. एकीत स्टार्टटीएलएस बंद, दुसरीत टीएलएसची सक्ती बंद. म्हणजे सर्व्हर हात जोडून म्हणत होता की मला बंदिस्त बोलता येतं, बोलू या का. आणि तुम्ही आमच्या मटला शिकवून ठेवलंत की त्याचं ऐकायचंच नाही. हे आपोआप होत नाही. जुन्या मटमध्येसुद्धा स्टार्टटीएलएस मुळात चालू असतं. ते बंद करायला माणसाला मुद्दाम बसून ओळ लिहावी लागते. हलगर्जीपणाचा आरोप तुमच्यावर कुणी केला तर मी स्वतः साक्षीला येईन : यात कष्ट आहेत.

पाचवी ओळ सर्व्हरच्या नावाची पडताळणी बंद करते. आणि फाईलच्या शेजारीच ती दुसरी फाईल सापडली, कायम मान्य केलेल्या प्रमाणपत्रांची, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्रांची. तो प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर उभा राहतो. आलेली पत्रं वाचायला तुम्ही मट जोडलात, तेव्हा त्याने थांबून विचारलं असणार, हे प्रमाणपत्र ओळखीचं नाही, काय करू? नाकारण्यासाठी ‘आर’, एकदाच मान्य करण्यासाठी ‘ओ’, कायमचं मान्य करण्यासाठी ‘ए’. तुम्ही ‘ए’ दाबलंत. वाचलंत का, हे विचारत नाही. उगाच अवघड प्रश्न कशाला?

तो प्रश्न का पडला होता, ते मी शोधलं. आमचा मेल एका स्वस्त होस्टिंगवर आहे. तिथे एकाच यंत्रावर शेकडो गिऱ्हाइकं असतात, आणि प्रमाणपत्र असतं त्या यंत्राच्या स्वतःच्या नावाचं. तुम्ही मात्र पत्त्यात आमच्या संस्थेचं नाव घातलंत. दारावरचं नाव आणि कागदावरचं नाव जुळेना, म्हणून मट बोंबलला. इलाज दोन होते. पत्त्यात होस्टिंगच्या यंत्राचं खरं नाव लिहायचं. एका शब्दाचा बदल, काम खलास. किंवा आमच्या नावाचं प्रमाणपत्र बसवायचं, जे लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था डिसेंबर २०१५ पासून जगाला फुकट देते आहे. तुम्ही तिसरा इलाज काढलात : विचारणाऱ्याचं तोंड बांधलंत. त्या अख्ख्या यंत्रावर खरं बोलणारं जे एकमेव होतं, नेमकं तेच तुम्हाला खुपलं.

आता तुमची बाजूही मांडतो, कारण तुम्ही इथे हजर नाही आणि माझ्यावर एकतर्फीपणाचा ठपका नको.

तुम्ही म्हणाल, पासवर्ड काही तसाच्या तसा जात नाही, कोडमध्ये जातो. जातो ना. त्या कोडला बेस-६४ म्हणतात. बघायला अगदी गूढ, मोठी-लहान अक्षरं आणि शेवटी बरोबरची चिन्हं. तो उलटा करायला कुठलीही किल्ली लागत नाही. लिनक्सवर एका आज्ञेचं काम आहे, आणि ती आज्ञा तुमच्याच यंत्रावर आधीपासून बसलेली आहे. तो अक्षरं सुखरूप पोचवण्याचा उपाय आहे, लपवण्याचा त्याने कधी दावाच केला नव्हता.

तुम्ही म्हणाल, आधी आपण जीमेलवरच होतो, गूगलने दगा दिला. हाही इतिहास मी कार्यालयातून गोळा केला आहे. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांवर ‘कमी सुरक्षित ॲप’ची सवलत बंद केली, नुसता नेहमीचा पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रामला आत शिरता येईना. जगभर मट वापरणाऱ्यांची पत्रं त्या दिवसांत अडली. बाकीच्यांनी काय केलं? खात्याला दुहेरी पडताळणी लावली, गूगलकडून त्या प्रोग्रामपुरता सोळा अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड घेतला आणि पुढे गेले. तुम्ही काय केलंत? जो काहीच विचारत नाही असा सर्व्हर शोधलात. दारात पहारेकरी बसला म्हणून घरच बदललंत, आणि कार्यालयात सांगितलंत, “जीमेलचा प्रॉब्लेम होता, म्या सोडवला.”

आणि तुम्ही म्हणाल, जे तुम्ही म्हणालातच, “आपल्याले कोन पाह्यते?” आपल्या जिल्ह्याला हा विनय शोभतो. मुंबईच्या बँका, दिल्लीची मंत्रालयं सोडून आपल्या तालुक्याच्या गावातल्या संस्थेचा मेल कोण बघत बसणार? पण भाऊ, उघड्या मजकुरावर डोळा ठेवायला कुणी माणूस नेमावा लागत नाही. वाटेवरचं यंत्र ते काम रात्रंदिवस करतं, आणि गाव लहान की मोठं हे ते बघत नाही. २०१५ मध्ये गूगल आणि मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की ट्युनिशियातून जीमेलकडे येणाऱ्या पत्रांपैकी ९६ टक्के पत्रं उघडी येत होती. पाठवणाऱ्यांचे सर्व्हर बंदिस्त बोलायला तयार होते. वाटेतली उपकरणं ‘बंदिस्त बोलू या’ हा शब्दच खोडून टाकत होती, आणि ‘जमलं तर बंदिस्त, नाही तर उघडं’ या बोलीवर चालणारे सर्व्हर निमूटपणे उघडे बोलत होते. म्हणून सक्तीची ओळ लागते. जमलं तर सुरक्षित, याचा अर्थ समोरच्याची मर्जी असेल तोवर सुरक्षित. तुम्ही तर तेवढीही मर्जी शिल्लक ठेवली नाहीत.

आमच्याकडून काय काय गेलं, त्याचीही यादी ऐका. संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाण पट्ट्यातून पोरं आमच्याकडे शिकायला येतात. विहिरीला पाणी आहे आणि पिता येत नाही, अशा गावांतली. त्यांच्या बापांनी सेतू केंद्रावर हेलपाटे घालून काढलेले उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले, आधारची झेरॉक्स, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान. शिष्यवृत्तीच्या प्रत्येक हंगामात म्याडम हे स्कॅन करून मटमधून पाठवत आल्या. पोर्ट २५. टीएलएस नाही. तुम्ही उघडा ठेवलात तो संस्थेचा पासवर्ड, असं तुम्हाला वाटत असेल. ती कागदपत्रं संस्थेची नव्हती.

यातून काही विपरीत घडलं का, असं मला अध्यक्षांनी विचारलं. उत्तर देता येत नाही, हीच तुमच्या कामाची खरी करामत आहे. चोरी झाली तर कुलूप तुटलेलं दिसतं. पत्राची नक्कल वाटेत कुणी घेतली, तर मूळ पत्र जसंच्या तसं वेळेवर पोचतं, पोच येते, म्याडम जावक क्रमांक टाकतात.

यावरून आपल्या लोणारची आठवण होते. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी एका रात्रीत गुलाबी झाल्याची हाकाटी झाली, पोरंटोरं मोबाईल घेऊन काठावर धावली, नमुने प्रयोगशाळेत गेले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं की खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा हा रंग. पाण्याने बिघाड रंगाने कळवला, म्हणून सगळ्यांनी बघितलं. त्याच जून महिन्यात मटची १.१४.३ ही आवृत्ती निघाली. तिने दोन भोकं बुजवली. एक असं की वाटेत बसलेला भामटा मटला सुरुवातीलाच ‘तुझी ओळख पटलेली आहे’ असं सांगून बंदिस्त बोलण्यापासून परावृत्त करू शके, आणि पाठवलेल्या पत्राची सर्व्हरवर ठेवायची प्रत उघडी जाई. दुसरं तर तुमच्यासाठीच जन्मलेलं : ग्नूटीएलएसवर बांधलेल्या मटमध्ये मुदत संपलेलं मधलं प्रमाणपत्र माणसाने स्पष्ट नाकारलं तरी जोडणी पुढे चालूच राही. तुम्हाला त्याचा फटका बसला नसता म्हणा, तुम्ही कधी काही नाकारलंच नाहीत. पुढे नोव्हेंबरात लोणार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेल्याची बातमी आली, जिल्ह्यात पेढे वाटले गेले. त्याच महिन्यात मट २.० आला आणि टीएलएसची सक्ती हे त्याचं मूळ वागणं झालं, न सांगता. पण आपल्या यंत्रावरचा मट त्याहून जुना. अपडेट का केला नाही, असं विचारलं तर उत्तर तुम्हाला पाठ आहे. चालू हाये ना?

आमच्या मेलला गुलाबी रंग चढत नाही, भाऊ. म्हणून तो मुद्दाम तपासावा लागतो.

आता तुम्ही बांधलेलं मी मोडलं, त्याचा हिशेब देतो. उद्या कुणी म्हणायला नको की चालू काम बिघडवलं. मट नवा घातला. पत्ता ४६५ वर नेला, होस्टिंगच्या यंत्राच्या खऱ्या नावाने. टीएलएसची सक्ती चालू, नावाची पडताळणी चालू, तारखेची पडताळणी चालू. कायम मान्य केलेल्या प्रमाणपत्रांची तुमची फाईल पुसली. पासवर्ड बदलला, तो आता सेटिंगमध्ये नाही, जीपीजी नावाच्या प्रोग्रामने कुलूपबंद केलेल्या वेगळ्या फाईलमध्ये आहे, आणि मट सुरू होताना किल्ली विचारून तो उघडतो. सेटिंगच्या फाईलची परवानगी ६०० : मालक वाचेल, मालक लिहील, बाकी कुणी नाही. पावत्या आपोआप पाठवणारी जी स्क्रिप्ट होती ती एमएसएमटीपी या छोट्या प्रोग्रामवर नेली. हा प्रोग्राम मोठा करारी आहे. पासवर्ड लिहिलेली फाईल इतरांना वाचता येते असं दिसलं तर तो पत्र पाठवायलाच नकार देतो. तुमच्या हाती तो पडला असता तर तुम्ही त्याला अर्ध्या घंट्यात काढून टाकला असता.

एवढ्याने सगळं झालं असं मी कार्यालयात सांगितलेलं नाही. टीएलएस पत्राला आपल्या सर्व्हरपर्यंत नेतं. पुढे सर्व्हरवर ते उघडंच पडतं, आणि तिथून पुढचा प्रवास त्या सर्व्हरच्या इमानावर. खऱ्या नाजूक कागदांसाठी मजकूरच कुलूपबंद करावा लागतो. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी दिलं ते त्यासाठीच, आणि त्याचा मुक्त अवतार जीपीजी मटशी थेट जोडता येतो. त्यातही विषयाची ओळ सहसा उघडीच राहते, म्हणून म्याडमना सांगितलं आहे की विषयात पोराचं नाव आणि आधार क्रमांक लिहायचा नाही. पण समोरच्या कार्यालयात जीपीजी वापरणारा माणूस भेटेपर्यंत दाखले बंदिस्त फाईल करून पाठवायचे आणि पासवर्ड फोनवर सांगायचा, असं ठरलं आहे. अर्धी भाकरी, पण उघड्यावरची नाही.

अध्यक्षांना तुमच्या कामाची किंमतही सांगितली. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. लोकांची माहिती सांभाळण्यासाठी वाजवी काळजी घेतली नाही, तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. आकडा ऐकून ते आधी हसले. एवढ्या पैशात आपल्यासारख्या किती संस्था विकत येतील असा त्यांचा हिशेब चालला असावा. मग त्यांनी तुमचा फोन नंबर विचारला. तोही कुठे लिहिलेला नाही.

शेवटी एक गोष्ट, आणि तीच खरी तक्रार. मेल जोडून झाल्यावर तुम्ही चाचणी घेतलीत, हे सगळे सांगतात. स्वतःच्याच पत्त्यावर ‘टेस्ट’ असं पत्र पाठवलंत, ते आलं, टाळ्या पडल्या. पत्र जातं का, हे तुम्ही बघितलंत. जाऊ नये तेव्हा थांबतं का, हे बघितलं नाहीत. सगळी सुरक्षितता या दुसऱ्या प्रश्नात असते. मी पत्त्यात सर्व्हरचं मुद्दाम चुकीचं नाव घातलं, तेव्हा नवा मट थांबला आणि विचारू लागला. टीएलएस न जाणणाऱ्या एका पोर्टाकडे त्याला वळवलं, तर बंदिस्त जोडणी मिळत नाही म्हणून त्याने पत्र पाठवायला साफ नकार दिला. कार्यालयातले सगळे हळहळले, “पाहा, बिघडवला!” त्या दिवशी तो पहिल्यांदा दुरुस्त झाला होता.

हे पत्र खुलं लिहिलं, कारण तुम्ही एकटे नाही. मोताळ्यापासून मेहकरपर्यंत, प्रत्येक कार्यालयात कुणी ना कुणी ‘लय हुशार मानूस’ अर्ध्या घंट्यात काही ना काही चालू करून गेलेला आहे. मेलचा पडदा काळा असो की रंगीत, वाचकांनी आपल्या यंत्रावर एवढं बघावं : पत्र पाठवायचा पोर्ट २५ तर नाही ना, टीएलएस सक्तीचं आहे ना, प्रमाणपत्राची पडताळणी कुणी बंद केलेली नाही ना, आणि पासवर्ड साध्या अक्षरांत पडलेला नाही ना. मग सर्व्हरचं नाव मुद्दाम चुकवून एक पत्र पाठवून बघा. ते विनातक्रार गेलं, तर तुमचा मेल चालू आहे, पण सुरक्षित नाही. त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या.

कळावे,
आपण सोडून गेलेल्या यंत्राचा सध्याचा राखणदार

ता. क. : नवा पासवर्ड मागायला येऊ नये.